द्विमान अंकांच्या मोजणीतून घातांच्या क्रमिका : कागद-पेन्सिलीने उभारण्याची रीत

एखादा पूर्णांक द्विमान पद्धतीत लिहावा, त्यात १ हा अंक किती वेळा आला आहे ते मोजावे आणि मिळालेली संख्या २ च्या, ३ च्या किंवा खुद्द त्या पूर्णांकाच्या डोक्यावर घातांक म्हणून ठेवावी. एवढ्या साध्या कृतीतून ज्या क्रमिका तयार होतात, त्या पास्कलच्या त्रिकोणात, क्रमगुणितांच्या अवयवांत आणि चौकटींच्या कागदावर वाढत जाणाऱ्या नक्षीतही आढळतात. या क्रमिका स्वतःच्या हाताने कशा उभाराव्यात, हे येथे पायरीपायरीने सांगितले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शाळांत गणित मंडळ चालवणारे शिक्षक आणि आठवी-नववीच्या पुढचे विद्यार्थी यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. त्यासाठी घातांकांचा एकच नियम पक्का हवा : पाया समान असलेल्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. पुढे जे काही सुंदर दिसते, त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे, असे माझे मत आहे.

घात दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरू, म्हणजे २^३ = ८. न या पूर्णांकाच्या द्विमान रूपातील एकांच्या संख्येला त्या पूर्णांकाचा भार म्हणू आणि तो भ(न) असा लिहू.

पहिली पायरी : भार मोजणे

दशमान मापे येण्यापूर्वी आपल्याकडे छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर आणि शेर अशी वजने होती, आणि त्यांतले प्रत्येक वजन आधीच्या वजनाच्या दुप्पट होते. बाजारात पावशेर हा शब्द आजही कानावर पडतो. छटाक हे एकक धरले, तर ही वजने १, २, ४, ८ आणि १६ होतात. प्रत्येक वजन फक्त एकदाच पारड्यात टाकायचे असे ठरवले, तर ११ छटाक माल मोजण्याचा एकच मार्ग उरतो : अच्छेर, नवटाक आणि छटाक, म्हणजेच ८ + २ + १. वापरलेल्या वजनासाठी १ आणि न वापरलेल्यासाठी ० असे मोठ्या वजनाकडून लहानाकडे लिहीत गेले, की १०११ हे अकराचे द्विमान रूप मिळते, आणि पारड्यात तीन वजने असल्यामुळे भ(११) = ३. ही वजने लक्षात ठेवावीत, कारण पुढे एका सिद्धतेत त्यांचा खरा उपयोग होणार आहे.

द्विमान रूप न लिहिताही भार काढता येतो. दिलेल्या संख्येचे निम्मे करीत जावे, अर्धा उरला तर तो सोडून द्यावा आणि वाटेत आलेल्या विषम संख्या मोजाव्यात. ४५ साठी ही साखळी ४५, २२, ११, ५, २, १ अशी होते; तीत ४५, ११, ५ आणि १ या चार विषम संख्या आहेत, म्हणून भ(४५) = ४. पडताळा घ्यायचा तर ३२ + ८ + ४ + १ = ४५. वर्गात तोंडी सरावासाठी ही रीत मला सर्वांत सोयीची वाटते.

दुसरी पायरी : रांग वाढवणे

प्रत्येक संख्येचा भार स्वतंत्रपणे काढत बसण्याचे कारण नाही. वहीत ० लिहावे. आता जेवढी रांग लिहून झाली आहे तिची नक्कल तिच्यापुढेच करावी, मात्र नकलेतील प्रत्येक पदात १ मिळवावा. अशा रीतीने ० वरून ०, १ होते. त्यावरून ०, १, १, २ होते. त्यावरून ०, १, १, २, १, २, २, ३ होते. आणि आणखी एकदा केले की ० ते १५ पर्यंतच्या संख्यांचे भार मिळतात :

०, १, १, २, १, २, २, ३, १, २, २, ३, २, ३, ३, ४

यामागचे कारण सरळ आहे. ० ते ७ या संख्यांना तीन द्विमान अंक पुरतात आणि त्या प्रत्येकीत ८ मिळवले, की डावीकडे एक नवा १ येतो, बाकीचे अंक जसेच्या तसे राहतात. याच रांगेत आणखी एक नियम दडलेला आहे : भ(२न) = भ(न) आणि भ(२न + १) = भ(न) + १, कारण दुप्पट करणे म्हणजे द्विमान रूपाच्या शेवटी ० जोडणे होय. रांग लिहिताना चूक झाली की नाही हे पाहण्यासाठी दोन ठिकाणे तपासावीत. १, २, ४, ८, १६ यांचा भार १ च आला पाहिजे आणि त्यांच्या लगेच आधीच्या १, ३, ७, १५ या संख्यांचा भार अनुक्रमे १, २, ३, ४ आला पाहिजे.

तिसरी पायरी : घात चढवणे

आता या भारांना २ चे घातांक करावे. रांगेत ‘१ मिळवा’ असे जे होते, त्याचे घातांत ‘२ ने गुणा’ असे रूपांतर होते, म्हणून ही नवी क्रमिका भारांची रांग न पाहताही लिहिता येते. १ ने सुरुवात करावी आणि प्रत्येक वेळी आतापर्यंतच्या रांगेची दुप्पट केलेली नक्कल पुढे जोडावी :

१, २, २, ४, २, ४, ४, ८, २, ४, ४, ८, ४, ८, ८, १६

पाया ३ घेतला तर नक्कल तिप्पट करावी लागते आणि १, ३, ३, ९, ३, ९, ९, २७ अशी सुरुवात होते. पाया −१ घेतला तर नकलेत केवळ चिन्हे उलटतात. त्या क्रमिकेकडे शेवटी येऊ.

या बांधणीतून बेरजेचा एक नेमका नियम मिळतो आणि तो हिशेब तपासण्यासाठी फार उपयोगी पडतो. पाया प असेल, तर प्रत्येक टप्प्यावर जुन्या रांगेची बेरीज आणि तिच्या प पट नकलेची बेरीज एकत्र येते, म्हणजे एकूण बेरीज (१ + प) पट होते. सुरुवात १ पासून असल्यामुळे पहिल्या २^क पदांची बेरीज (१ + प)^क इतकी भरते. वर लिहिलेल्या १६ पदांची बेरीज करून पाहावी. ती ८१, म्हणजे ३^४ आली पाहिजे. पाया ३ च्या पहिल्या आठ पदांची बेरीज ६४, म्हणजे ४^३ येते. बेरीज जुळली नाही तर नक्कल करताना कोठेतरी पद गळले आहे असे समजावे.

येथे खानदेशच्या वाचकांनी थोडे थांबावे, कारण हा विषय चाळीसगावजवळच्या पाटण या गावापर्यंत पोहोचतो. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांतील ‘लीलावती’मध्ये गायत्री छंदाविषयी एक प्रश्न आहे : सहा अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकते, तर एक गुरू असलेले, दोन गुरू असलेले, असे चरणाचे किती प्रकार होतील? उत्तर असे आहे की एक गुरू असलेले ६, दोन असलेले १५, तीन असलेले २०, चार असलेले १५, पाच असलेले ६ आणि सहाही गुरू असलेला १. सर्व लघूंचा १ प्रकार धरून एकूण ६४. गुरूच्या जागी १ आणि लघूच्या जागी ० लिहिले, तर ० ते ६३ या संख्यांपैकी किती संख्यांचा भार किती आहे, याचेच हे कोष्टक होय. प्रत्येक गटाला २ चा योग्य घात लावून बेरीज करावी : १ + १२ + ६० + १६० + २४० + १९२ + ६४ = ७२९, आणि ७२९ म्हणजे ३^६. पाटणला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब विद्यार्थ्यांकडून आदल्या दिवशी करून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

चौथी पायरी : क्रमगुणितातील दोन

आता न वरून न + १ वर जाताना भाराचे काय होते ते पाहू. ११ चे रूप १०११ आहे आणि १२ चे ११००. एक मिळवताना शेवटचे दोन १ पुसले गेले आणि त्यांच्या डावीकडे एक नवा १ आला, म्हणून भार ३ वरून २ झाला. सर्वसाधारण नियम असा : भ(न) = भ(न − १) + १ − श(न), जेथे श(न) ही न च्या द्विमान रूपातील शेवटच्या शून्यांची संख्या आहे. शेवटची शून्ये म्हणजे न ला २ ने पुन्हा पुन्हा किती वेळा निःशेष भाग जातो याची मोजणी, हे लक्षात घ्यावे. १२ ला दोन वेळा जातो.

हा नियम १ पासून न पर्यंत एकाखाली एक लिहून सर्व ओळींची बेरीज केली, तर मधले भार कटतात आणि उरते ते असे : भ(न) = न − (श(१) + श(२) + … + श(न)). कंसातील बेरीज म्हणजे १ × २ × ३ × … × न या गुणाकारात, अर्थात न च्या क्रमगुणितात, २ हा अवयव एकूण किती वेळा येतो ती संख्या. तेव्हा न च्या क्रमगुणितातील २ चा घातांक न − भ(न) इतका असतो. हे सूत्र फ्रेंच गणिती लजांद्र यांच्या नावाने ओळखले जाते. १० चे क्रमगुणित ३६,२८,८०० आहे; १० चे द्विमान रूप १०१०, भार २, म्हणून घातांक ८ असायला हवा, आणि ३६,२८,८०० = २५६ × १४,१७५ हे करून पाहिले की खात्री पटते, कारण १४,१७५ ही विषम संख्या आहे.

ही सिद्धता विद्यार्थ्यांना सांगून टाकू नये. १ ते १६ पर्यंतच्या ओळी त्यांनाच लिहायला लावाव्यात. काय कटते हे डोळ्यांना दिसल्यानंतर सूत्र पाठ करावे लागत नाही.

पाचवी पायरी : पास्कलच्या त्रिकोणातील विषम संख्या

पास्कलचा त्रिकोण, म्हणजे ज्याच्या प्रत्येक ओळीच्या टोकांना १ आणि मधली प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते तो त्रिकोण, आपल्या परंपरेत मेरुप्रस्तार म्हणून परिचित आहे आणि पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील दहाव्या शतकातील टीकेत हलायुधाने तो वर्णिला आहे. शिखरावरील ओळीला शून्यावी ओळ म्हणावे आणि प्रत्येक ओळीतील विषम संख्या मोजाव्यात. पाचवी ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे, तीत विषम संख्या ४. सहाव्या ओळीत १, ६, १५, २०, १५, ६, १ यांपैकी ४, सातव्या ओळीत सर्वच्या सर्व ८, आणि आठव्या ओळीत फक्त दोन टोकांचे १, म्हणजे २. शून्यापासून ही मोजणी १, २, २, ४, २, ४, ४, ८, २ अशी होते, म्हणजे आपलीच २^भ(न) ही क्रमिका. हा निष्कर्ष ब्रिटिश गणिती ग्लेशर यांनी १८९९ मध्ये मांडला.

कारण शोधताना जुन्या वजनांकडे परत जावे. न व्या ओळीतील क व्या संख्येत (क ची मोजणीही शून्यापासून) न, क आणि न − क यांची क्रमगुणिते येतात. पहिल्यास उरलेल्या दोघांच्या गुणाकाराने भागलेले असते. लजांद्रच्या सूत्राने त्या संख्येतील २ चा घातांक भ(क) + भ(न − क) − भ(न) इतका येतो, कारण न, क आणि न − क हे एकमेकांत कटतात. आता क छटाक आणि न − क छटाक अशी दोन पारड्यांतील वजने एकत्र करा. दोन पावशेर एकत्र आले तर त्यांच्या जागी एक अच्छेर ठेवावा लागतो आणि वजनांची संख्या एकाने घटते. द्विमान बेरजेत यालाच हातचा म्हणतात. म्हणून वरील घातांक म्हणजे क आणि न − क यांची द्विमान बेरीज करताना जितके हातचे येतात तितकी संख्या होय. जर्मन गणिती कुमर यांनी १८५२ मध्ये हे सर्व मूळ संख्यांसाठी सिद्ध केले.

संख्या विषम असण्यासाठी एकही हातचा येता कामा नये. म्हणजेच न मधील प्रत्येक वजन कोणत्या तरी एकाच पारड्यातून आलेले असले पाहिजे, क च्या किंवा न − क च्या. प्रत्येक वजनाला दोन पर्याय आणि वजने भ(न), म्हणून एकूण २^भ(न) प्रकार. दोनऐवजी तीन पारडी घेतली, तर (अ + ब + क)^न च्या विस्तारात ३^भ(न) सहगुणक विषम असतात, हेही याच वाक्यातून सिद्ध होते. न = ३ साठी विस्तारात १ हा सहगुणक तीनदा, ३ हा सहादा आणि ६ हा एकदा येतो; विषम नऊ, आणि भ(३) = २ असल्यामुळे ३^२ = ९.

याच क्रमिकेची दुसरी जागा मला अधिक आवडते. जोडक्रमांकाच्या, म्हणजे २न व्या, ओळीत अगदी मध्यावरची संख्या घ्यावी. तेथे न मध्ये न मिळवायचे असते, म्हणून प्रत्येक १ ला बरोबर एक हातचा येतो आणि त्या संख्येला भाग जाणारा २ चा सर्वांत मोठा घात नेमका २^भ(न) असतो. दहाव्या ओळीच्या मध्यावर २५२ = ४ × ६३, बाराव्या ओळीच्या मध्यावर ९२४ = ४ × २३१, चौदाव्या ओळीच्या मध्यावर ३,४३२ = ८ × ४२९. न व्या ओळीत विषम संख्या किती, या प्रश्नाचे उत्तर २न व्या ओळीच्या पोटात लिहिलेले असते.

पाया बदलता ठेवल्यास

आता न^भ(न) ही क्रमिका पाहू. १ पासून तिची पदे १, २, ९, ४, २५, ३६, ३४३, ८, ८१, १००, १,३३१, १४४, २,१९७, २,७४४, ५०,६२५, १६ अशी आहेत. २ च्या घातांवर ती पुन्हा न वर उतरते आणि त्यांच्या आधीच्या पदावर उंच झेपावते. न सम असण्याची गोष्ट आटोक्यातली आहे : २न वरील पद हे न वरील पदाच्या २^भ(न) पट असते, उदाहरणार्थ १४ साठी ८ × ३४३ = २,७४४. विषम स्थानांसाठी मात्र असा सोपा दुवा मिळत नाही, कारण पायाच बदलल्यामुळे घातांकांच्या बेरजेचा नियम लागू होत नाही. पद पूर्ण वर्ग केव्हा असते, हा प्रश्न गृहपाठाला द्यावा. भार सम असेल किंवा न स्वतः पूर्ण वर्ग असेल, तेव्हा आणि तेव्हाच, हे त्याचे उत्तर होय.

चौकटींच्या कागदावर

पंधरा चौकटी लांब आणि पंधरा चौकटी रुंद असा कागद घ्यावा आणि मधली चौकट रंगवावी. पुढच्या प्रत्येक फेरीत ज्या कोऱ्या चौकटीच्या चार शेजाऱ्यांपैकी (वर, खाली, डावीकडे, उजवीकडे) नेमका एकच शेजारी रंगलेला आहे, तेवढ्याच चौकटी एकदम रंगवाव्यात. एकदा रंगलेली चौकट कधीही पुसू नये. फेरीगणिक नव्या चौकटींची संख्या १, ४, ४, १२, ४, १२, १२, ३६ अशी येते, आणि आठ फेऱ्यांनंतर एकूण ८५ चौकटी रंगतात. दुसऱ्या फेरीपासून न व्या फेरीत ४ × ३^(भ(न − १) − १) नव्या चौकटी येतात. या नक्षीला उलम आणि वॉरबर्टन यांची नावे दिली जातात. दोन फेऱ्यांसाठी दोन रंग आलटूनपालटून वापरले तर कोणती चौकट कधी आली याचा गोंधळ होत नाही. शेजारी मोजताना मात्र फेरी सुरू होण्यापूर्वीच्याच चौकटी धराव्यात, नाही तर आकडे बिघडतात.

पाया उणे एक

(−१)^भ(न) ही क्रमिका १, −१, −१, १, −१, १, १, −१ अशी सुरू होते. ती थुए आणि मोर्स यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. नॉर्वेच्या थुए यांनी १९०६ पासून आणि अमेरिकेच्या मोर्स यांनी १९२१ मध्ये तिचा अभ्यास केला, पण फ्रान्सच्या प्रूए यांनी १८५१ मध्येच तिचा एक गुण ओळखला होता. ० ते १५ या संख्यांचे भारानुसार दोन गट करावेत. सम भाराच्या गटात ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५ आणि विषम भाराच्या गटात १, २, ४, ७, ८, ११, १३, १४ येतील. दोन्ही गटांची बेरीज ६० आहे, वर्गांची बेरीजही समान आहे आणि घनांची बेरीज दोन्हीकडे ७,२०० आहे. ० ते ७ घेतले तर केवळ पहिल्या दोन बेरजा जुळतात : १४ आणि ७०. संख्यांची यादी दुप्पट केली की जुळणाऱ्या घातांची पातळी एकाने वाढते.

संगणकावर आणि कोशात

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात ० पासून संख्या भराव्यात, दुसऱ्या स्तंभात पहिल्या ओळीत ० लिहावे आणि पुढच्या प्रत्येक ओळीत ‘संख्येच्या निम्म्याच्या पूर्णांक भागाचा भार, अधिक संख्येला २ ने भागून उरलेली बाकी’ असे सूत्र द्यावे. तिसऱ्या स्तंभात २ चा घात काढावा आणि चौथ्यात चालू बेरीज ठेवावी. २^क पदे पूर्ण होतील तेथे ३^क दिसले, की सूत्र बरोबर बसले आहे. मोठ्या संख्यांसाठी न^भ(न) स्प्रेडशीटमध्ये काढू नये, कारण साधारण पंधरा अंकांपुढे तेथील उत्तरे अचूक राहत नाहीत. त्यासाठी पायथन ही संगणकभाषा वापरावी, तीत पूर्णांकाला अंकांची अशी मर्यादा नसते.

आपण तयार केलेली क्रमिका पूर्वी कोणी अभ्यासली आहे का, हे ऑन-लाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस या कोशात पाहता येते. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये हा संग्रह सुरू केला. तेथे भ(न) चा क्रमांक ए०००१२० आणि २^भ(न) चा ए००१३१६ आहे. शोधताना इंग्रजी अंकांत सहा ते आठ पदे स्वल्पविराम देऊन लिहावीत आणि सुरुवातीची ० किंवा १ ही पदे गाळावीत, कारण काही नोंदी न = ० पासून तर काही न = १ पासून सुरू होतात. चिन्हांसह काही सापडले नाही तर उणे चिन्हे काढून पुन्हा पाहावे. तरीही नोंद मिळाली नाही, तर आधी बेरजेच्या नियमाने स्वतःची पदे तपासावीत, आणि ती बरोबर निघाली तर आणखी किमान बत्तीस पदे काढून, व्याख्येसह वहीत तारीख घालून ठेवावीत, म्हणजे पुढे ती कोशाकडे पाठवताना सर्व तयारी हाताशी असेल.